विश्लेषण : डिजिटल दूरदर्शन औरंगाबादपर्यंत आले, धाराशिवला का नाही?

सिमकार्ड नको, डेटा नको, तरीही मोबाइलवर थेट टीव्ही दिसेल, अशा तंत्रज्ञानाची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. ‘डायरेक्ट टू मोबाइल’ किंवा ‘डीटूएम’ हे त्याचे नाव. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या बेंगळूरु, दिल्ली, नोएडा अशा शहरांत झाल्या. ज्या शहरांत प्रत्येक खिशात फाइव्ह-जी आणि प्रत्येक इमारतीत केबल आहे, तिथेच या सोयीची आधी परीक्षा घेतली जाते, यात नवल काही नाही. २०१६ मध्येही असेच झाले होते. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून डिजिटल दूरदर्शन देण्याची योजना तेव्हा शहरांपासून सुरू झाली. ती धाराशिवपर्यंत यायच्या आत जिल्ह्याला पोहोचणारे जुने प्रक्षेपण मात्र बंद झाले.

अँटेनाचे दिवस कधी संपले?

पत्र्यावर चढलेला मुलगा अँटेनाचा दांडा फिरवतो आहे, खालून कुणी ‘आलं, आलं… गेलं’ म्हणून ओरडते आहे, आणि पडद्यावर मुंग्या. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मराठवाड्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला ते दिसू लागले. मराठवाड्याला मात्र ऐंशीच्या दशकाची वाट पाहावी लागली. १९८४ च्या सुमारास देशात दिवसाला एक प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा लागला, त्यानंतर हा भाग दूरदर्शनच्या नकाशावर आला. अंबाजोगाईचा उच्चशक्ती प्रक्षेपक बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या मोठ्या भागाचा आधार होता. जोडीला ठिकठिकाणी कमी शक्तीचे छोटे प्रक्षेपक होते, ज्यांची धाव शहर आणि आजूबाजूची गावे एवढीच.

पुढे केबल आली, मग छतावर छत्र्या उगवल्या. अँटेना वाकल्या, गंजल्या, भंगारात गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले, की देशातील सुमारे ७० टक्के ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले आहेत आणि उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. सामरिक महत्त्वाच्या जागांवरचे पन्नासच्या आसपास तेवढे सुरू राहतील. त्यातून वर्षाला साधारण १०० कोटी रुपये वाचणार होते. अंबाजोगाईचे ॲनालॉग प्रक्षेपणही याच लाटेत गेले. त्याविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत, कारण बघणारेच फारसे उरले नव्हते. जुने तंत्र बंद करण्याचा तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो मनोरा रिकामा ठेवण्यावर.

डिजिटल झाल्याने नेमके काय बदलते?

ॲनालॉग प्रक्षेपणात एका वाहिनीसाठी हवेतली एक अख्खी पट्टी खर्ची पडत असे. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात दाबून पाठवले जातात, त्यामुळे तेवढ्याच पट्टीत अनेक वाहिन्या मावतात. भारताने यासाठी ‘डीव्हीबी-टीटू’ ही पद्धत निवडली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सेवेत डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि पाचवी प्रादेशिक किंवा डीडी किसान, अशा पाच वाहिन्या एकाच मनोऱ्यावरून मिळत होत्या. ना मासिक भाडे, ना छत्री. टीव्हीत तसा ट्यूनर असला की पुरे. मोबाइलला खाली जोडायचा बोटाएवढा डोंगलही बाजारात आला होता.

एक तोटा आहे, तोही सांगितला पाहिजे. ॲनालॉग सिग्नल कमी झाला की मुंग्या येत, पण आवाज ऐकू येई आणि माणूस अंदाजाने सामना बघत बसे. डिजिटलमध्ये असा मधला मार्ग नाही. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेल तर चित्र काचेसारखे स्वच्छ, खाली गेला की पडदा काळा. म्हणून जुन्या मनोऱ्यावर फक्त नवे यंत्र बसवून भागत नाही. कुठले गाव काठावर आहे, याचा हिशेब आधी करावा लागतो.

औरंगाबादचा सिग्नल धाराशिवला का मिळत नाही?

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने ज्या १६ शहरांत ही सेवा सुरू केल्याचे सांगितले, त्यात महाराष्ट्रातली दोन नावे होती : मुंबई आणि औरंगाबाद. आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या या शहराचे नाव यादीत दिसल्यावर ‘मराठवाड्याला मिळाले’ असे वाटणे साहजिक होते. परंतु औरंगाबादला मिळाले म्हणजे मराठवाड्याला मिळाले, हे प्रशासनाच्या नकाशावर खरे असले तरी रेडिओ लहरींच्या नकाशावर नाही.

टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे मनोरा कितीही ताकदीचा असला तरी क्षितिजापलीकडच्या गावाला तो दिसत नाही. याचा एक सोपा ठोकताळा आहे. मनोऱ्याच्या उंचीचे आणि घरावरच्या अँटेनाच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढायचे, दोन्हींची बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. समजा, डोंगर आणि मनोरा मिळून भोवतालच्या सपाटीपासून ३०० मीटर उंच आहेत आणि अँटेना ९ मीटरवर आहे. उत्तर येते सुमारे ८४ किलोमीटर. म्हैसमाळच्या डोंगरावरून धाराशिव शहराचे हवाई अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. मध्ये बालाघाटच्या रांगा आहेत, त्या वेगळ्याच.

हाच ठोकताळा अंबाजोगाईला लावला की जिल्ह्याचे चित्र उलगडते. अंबाजोगाईहून कळंब हवाई अंतराने चाळीसएक किलोमीटरवर आहे, धाराशिव सत्तरच्या आसपास, तुळजापूर पंच्याऐंशीच्या घरात. परंडा आणि उमरगा मात्र शंभरच्या पुढे जातात. म्हणजे कळंबला घरातल्या छोट्या अँटेनावरही चित्र येण्याची आशा धरता येते, धाराशिवला छतावर चांगली अँटेना लागेल, तुळजापूर अगदी काठावर, आणि परंडा-उमरग्याला त्या मनोऱ्याचा भरवसा धरता येणार नाही. उमरगा तर अंबाजोगाईपेक्षा कलबुर्गीला जवळ, साठएक किलोमीटरवर आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही पोहोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, तेव्हा कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. शेजारचा उस्मानाबाद नव्हता, कारण महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हताच. सीमेवर असण्याची किंमत जिल्ह्याने तेव्हापासून मोजली आहे.

डिजिटल पद्धतीत यावर उपाय आहे. एकाच वारंवारितेवर अनेक छोटे प्रक्षेपक एकमेकांशी ताळमेळ राखून चालवता येतात. ॲनालॉगमध्ये असे केले असते तर पडद्यावर एकावर एक सावल्या पडल्या असत्या. डिजिटलमध्ये ते एकमेकांना मदत करतात. अंबाजोगाईला एक मोठा आणि उमरगा, परंडा बाजूला एकेक छोटा प्रक्षेपक, एवढ्यात आठही तालुक्यांचा मोठा भाग झाकला जाऊ शकतो. जास्तीची वारंवारिताही लागत नाही.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जानेवारी २०१७ मध्ये याचे वेळापत्रक सुचवले होते. महानगरे २०१९ अखेर, दहा लाखांवर लोकसंख्येची शहरे २०२१ अखेर आणि उरलेला देश २०२३ अखेर. खासगी वाहिन्यांनाही या मनोऱ्यांवर जागा द्यावी, असेही ट्रायचे म्हणणे होते. धाराशिव अर्थातच ‘उरलेला देश’ या रकान्यात. जुने प्रक्षेपण २०२२ मध्ये संपले, २०२३ चा मुहूर्त कागदावरून उतरला नाही. वरात निघून गेली, घोडे आलेच नाही.

फ्री डिश असताना मनोरा हवाच कशाला?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी सेवा देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत आहे. एकदा दीड-दोन हजार रुपये खर्चून छत्री आणि डबा बसवला की पुढे एक रुपया नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, करमणूक आहे, बातम्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसार भारतीच्या सुविधांसाठी २,५३९ कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. त्यात दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक डबे मोफत वाटण्याची तरतूद आहे. धाराशिव महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. मग तक्रार कशाची?

पहिली अडचण पावसाची. फ्री डिश ज्या ‘केयू बँड’वर चालते, त्या लहरी मुसळधार पावसात विरून जातात. काळे ढग दाटले की ‘नो सिग्नल’ची पाटी येते, हे छत्री असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मनोऱ्यावरून येणाऱ्या लांब लहरींना पावसाचा असा त्रास होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, शेते आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पाण्याचा विसर्ग किती वाढणार, कोणता रस्ता बंद, निवारा कुठे, हे कळण्याची गरज नेमकी अशा रात्री सर्वाधिक असते. छत्री नेमकी अशाच रात्री आंधळी होते.

दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. उपग्रहाचा सिग्नल काश्मीर ते कन्याकुमारी एकच. त्यावरून परंडा तालुक्यापुरती सूचना द्यायची तर ती साऱ्या देशाला द्यावी लागेल. मनोऱ्याचा प्रदेश मर्यादित असतो, आणि इथे ती मर्यादाच कामाला येते. अंबाजोगाईहून सोडलेली सूचना मांजरा आणि तेरणा काठच्या गावांसाठीच असू शकते.

‘फोनवर सूचना येतातच की,’ असे कुणी म्हणेल. खरे आहे. २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्रातले मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले आणि अनेकांची घाबरगुंडी उडाली, ती याच यंत्रणेची चाचणी होती. ही यंत्रणा उपयोगी आहे, पण ती मोबाइल टॉवरवर अवलंबून आहे. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की फोन मुका. गावोगावचे शेकडो टॉवर जिवंत ठेवण्यापेक्षा डोंगरावरचा एक मनोरा डिझेलवर चालू ठेवणे केव्हाही सोपे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी आणि आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर हादरले, त्या जिल्ह्याला हे वेगळे पटवून देण्याची गरज पडू नये.

संकटाचे दिवस सोडून रोजचा हिशेबही पाहावा. मोबाइलवर साध्या दर्जाचे चित्र पाहायला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर तासाला सुमारे ९०० एमबी जातात. दोन तासांचा सामना म्हणजे १.८ जीबी. दिवसाला दीड जीबीचे पॅक असेल तर शेवटची षटके दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर. शिवाय इंटरनेटवर प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. बघणारे वाढले की वाट तुंबते. मनोऱ्याला एकाने पाहिले काय आणि एक लाखाने पाहिले काय, सारखेच. शारदीय नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापुरात लाखो भाविक एकाच वेळी असतात. प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि साधा कॉल लागताना मारामार होते. वाहतूक कुठून वळवली, दर्शनाची रांग किती, चुकलेले मूल कुठल्या चौकीत आहे, हे एका मनोऱ्यावरून सगळ्यांना एकदम सांगता येईल.

जुना मनोरा तरी स्थानिक होता का?

नव्हता. ही बाब मनोऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना अडचणीची आहे. अंबाजोगाई हे सहक्षेपण केंद्र होते. दिल्ली-मुंबईहून जे येई ते पुढे सोडायचे, एवढेच त्याचे काम. मांजराकाठच्या शेतकऱ्याला ‘आमची माती आमची माणसं’ मुंबईहून पाहायला मिळे, त्याच्या स्वतःच्या बाजार समितीचा भाव नव्हे. नव्या प्रक्षेपकावरून पुन्हा तेच करायचे असेल तर फ्री डिश पुरेशी आहे आणि १०० कोटी वाचवणाऱ्यांचे बरोबर आहे.

मात्र स्थानिक आवाज तयार करायला जिल्ह्याला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. धाराशिवला आकाशवाणीचे स्वतःचे एफएम केंद्र आहे. तिथे माणसे आहेत, स्टुडिओ आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन एकाच प्रसार भारतीची दोन अंगे. डिजिटल मनोऱ्याच्या एका पट्टीत टीव्ही वाहिन्यांबरोबर रेडिओची वाहिनीही घालता येते, तिच्यासोबत पडद्यावर पाणीसाठ्याचे आकडे, बाजारभाव, पावसाचा इशारा अशा पाट्याही देता येतात. त्यासाठी मोठा वार्ताहरांचा ताफा लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, जलसंपदा आणि कृषी विभाग रोज ही माहिती काढतातच. ती आज व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरते आणि तिथे खरी कोणती, गेल्या वर्षीची कोणती, हे कळायला मार्ग नसतो.

आता ‘डीटूएम’मुळे काय बदलेल?

डीटूएममध्ये मनोरा तोच, फक्त सिग्नल थेट फोनमधली चिप पकडेल. प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि बेंगळूरुची सांख्य लॅब्ज यांनी हे तंत्र भारतासाठी घडवले. २०२४ च्या जानेवारीत १९ शहरांत चाचण्या घेण्याचे आणि त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झची पट्टी राखून ठेवण्याचे केंद्राकडून सांगण्यात आले. २०२५ मध्ये लाव्हा आणि एचएमडी या कंपन्यांनी अशी चिप असलेल्या फोनची तयारी दाखवली. मोबाइल कंपन्यांचा विरोध आहे आणि तो समजण्यासारखा आहे. लोकांनी सामने फुकटात पाहिले तर डेटा कोण विकत घेणार?

खरी मेख दुसरीकडे आहे. २०१६ ची सेवा डीव्हीबी-टीटूवर होती, डीटूएम ‘एटीएससी ३.०’ या दुसऱ्या पद्धतीवर आहे. ज्याने तेव्हा हौसेने डोंगल घेतला, त्याला तो नव्या सिग्नलसाठी कामाचा नाही. मधल्या काळात भारतीय मानक ब्युरोने टीव्ही संचातच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचे मानक काढले, म्हणजे घरच्या टीव्हीचे तोंड पुन्हा छत्रीकडे वळले. तीन वाटांवर एकाच वेळी चालण्याचा हा प्रकार. ज्या घरात पाच वर्षांतून एकदा टीव्ही घेतला जातो, त्या घराने कोणत्या वाटेवर पैसे लावायचे?

चिपचाही अनुभव फारसा चांगला नाही. एकेकाळी स्वस्तातल्या फोनमध्येही एफएम रेडिओ असे. हेडफोनची वायर खुपसली की तीच अँटेना. मग कंपन्यांनी ती सोय हळूहळू काढली किंवा आत असूनही बंद ठेवली. २०२३ मध्ये केंद्राला फोन बनवणाऱ्यांना एफएम सुरू ठेवण्याचा सल्ला द्यावा लागला. सल्लाच तो, सक्ती नव्हे. धाराशिव आकाशवाणीचा आवाज हवेत आहे आणि हातातला महागडा फोन तो पकडत नाही, अशी आजची अवस्था आहे. डीटूएमची चिप कंपन्यांच्या मर्जीवर सोडली तर तिचेही वेगळे काही होण्याचे कारण नाही.

चाचणी कुठे व्हायला हवी?

दाट वस्तीत, इमारतींच्या आड सिग्नल कसा वागतो, हे तपासायला बेंगळूरु-दिल्ली ठीक होते. ती परीक्षा झाली. डोंगराच्या आडोशाला, शंभर किलोमीटरच्या टापूत, वीज गेलेली असताना आणि धो धो पावसात तो कसा वागतो, ही परीक्षा शहरात घेता येत नाही. त्यासाठी अंबाजोगाईसारखी उंचावरची जागा, उमरगा-परंड्यासारखी काठावरची गावे, तुळजापूरसारखी यात्रा आणि सीनेसारखी नदी, हे सगळे एका जिल्ह्याच्या आवाक्यात सापडते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर आहे आणि त्यातले बहुसंख्य खेड्यांत राहतात.

ही मागणी जिल्ह्यातून आजवर ठामपणे पुढे आलेली नाही, हेही खरे. रेल्वे, पाणी, पीकविमा यांच्या गर्दीत मनोरा कुणाच्या निवेदनात बसत नाही. पण हवेतली ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झची पट्टी कायम मोकळी राहणार नाही. मोबाइल सेवेसाठीही तिच्यावर डोळा आहे, आणि एकदा लिलावात गेलेली वारंवारिता प्रसारणासाठी परत मिळवणे जवळपास अशक्य. निर्णय दिल्लीत होईल, त्याआधी धाराशिवच्या खासदारांना, जिल्हा नियोजन समितीला आणि अंबाजोगाईचा मनोरा ज्या बीड जिल्ह्यात आहे त्यांनाही एकत्र पत्र लिहिता येईल. पुढच्या पावसाळ्याच्या आत प्रसार भारतीने तिथे एक यंत्र बसवून परंड्यात मोजणी केली, तर निदान कोणते गाव सिग्नलच्या आत आणि कोणते बाहेर, हे ठोकताळ्याऐवजी प्रत्यक्ष आकड्यांत कळेल.